हळू सुरू होणारी सुई

बॅजवाल्या काकूंना ओळखत नाही असा माणूस त्या गल्लीत शोधून सापडला नसता. शाळेच्या शर्टाच्या खिशावरचं चिन्ह म्हणा, हॉटेलातल्या वेटरच्या छातीवरचं नाव म्हणा, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या एप्रनची निळी पट्टी म्हणा, सगळं काकूंच्या हातचं. हातचं म्हणजे खरं तर मशीनचं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. "मशीन काय करतंय डोंबल? कापड ताणून कोण बसवतं? रंग कोण निवडतं? धाग्याचं टोक कोण धरतं?" असं त्या फाडकन विचारायच्या, आणि समोरचं गिऱ्हाईक निमूट मान डोलवून पिशवी उचलायचं.

अख्खा जन्म शिवण्यात गेलेला. लग्नाआधी पायमशीन, लग्नानंतर मोटारीचं, आणि पन्नाशी उलटल्यावर हे कॉम्प्युटरला जोडलेलं भरतकामाचं मशीन. ते घ्यायला लावलं लेकीनं. लेकीचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण घरात आणि गल्लीत ती भिंगरीच. एका जागी बसेल तर शपथ. पुढे कॉम्प्युटर शिकली, सॉफ्टवेअरच्या ऑफिसात लागली, बऱ्यापैकी मोठ्या हुद्द्यावर गेली. तरी संध्याकाळी घरी आली की चप्पल एका कोपऱ्यात, पिशवी दुसऱ्या कोपऱ्यात आणि स्वारी थेट आईच्या मशीनपाशी.

"आई, आज किती सुया मोडल्यास?"

"तुझ्या तोंडाला एक घालते थांब. चहा घेतलास का?"

असं रोजचं. या दोघींचं बोलणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, भांडण जुंपलंय. काका मात्र शेजारच्या खोलीत पेपर वाचत गालातल्या गालात हसत असायचे.

काका म्हणजे काकूंचे यजमान. बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली हे लिहिण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही तो स्वभाव काही सुटला नाही. घरातली घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. शेजाऱ्यांचं पुढे असलं तरी यांना चैन पडायची नाही. अशा माणसाच्या घरात देवानं, किंवा आपण म्हणू भिंगरीनं, एक असा कॉम्प्युटर आणून ठेवला की ज्याला आजची तारीखच ठाऊक नव्हती.

झालं होतं असं. कॉम्प्युटर जुना, कुणाच्या तरी ऑफिसातून उतरलेला. त्याच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज बंद असताना तारीख-वेळ तीच सांभाळते. ती बॅटरी मेलेली. त्यामुळे रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तो जागा व्हायचा तो थेट कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका तारखेला, तो स्वतः कारखान्यात तयार झाला त्या सुमाराच्या. मग काळ्या पडद्यावर एक ओळ यायची: तारीख बरोबर नाही, पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. आणि काकूंनी ते बटण दाबेपर्यंत तो तिथंच ढिम्म उभा.

काकू पहिल्यांदा घाबरल्या. त्यांना वाटलं, बिघडवलं आपण. तेव्हा भिंगरी स्वयंपाकघरातून चहाचं आधण बघता बघता ओरडली, "आई, एफ वन!" आणि तिथून ती रीतच पडली. सकाळी काकूंनी बटण दाबलं, कॉम्प्युटरचा पंखा घुर्र करून फिरायला लागला, की आतून आरोळी: "आई, एफ वन!" आणि काकू ओरडायच्या, "दाबलं गं बाई, दाबलं!"

काकांचा मात्र नुसता जीव जायचा. "अगं, दोन मिनिटांचं काम. त्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या स्क्रूवाल्याला बोलाव, बॅटरी बदलून टाक. या तारखेप्रमाणे हे भरतकामाचं मशीन अजून बनलेलंसुद्धा नाही!"

"आणि मी शाळेत आहे, बाबा. वेणीला रिबीन बांधून," भिंगरी म्हणायची. "करते हो मी. आज राहू दे. हे दुरुस्त झालं तर तुम्ही चिडणार कोणावर?"

आज राहू दे, आज राहू दे करता करता ते राहूनच गेलं.

आता त्या सुईची गोष्ट सांगतो. भरतकामाच्या मशीनवर नवा रंग सुरू करताना धाग्याचं टोक पहिले काही टाके बोटांनी धरून ठेवावं लागतं. नाही धरलं तर ते खाली ओढलं जातं आणि कापडाच्या पोटात धाग्याचा गुंता होतो. शहाणी माणसं टोक लांब सोडून लांबून धरतात. काकूंना मात्र पायमशीनची सवय. अगदी सुईला नाक लावून, चिमटीत धरायच्या. आणि हे मशीन पायमशीन नव्हतं. बटण दाबलं की पहिल्या टाक्यापासून सुसाट. एकदा सुई नखाला घासून गेली. नखाचा टवका उडाला, बाकी काही नाही, पण भिंगरीनं ते पाहिलं आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, बोट लांब ठेवत जा."

"लांबून मला टोक दिसत नाही."

"मग चष्मा बदल."

"चष्मा बदलला तरी बोट तिथंच जाणार. चाळीस वर्षांची खोड आहे ती."

भिंगरी रविवारी सकाळी कॉम्प्युटरपुढे बसली ती जेवायलाही उठेना. कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यात एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटरचं म्हणणं मशीनला समजेल असं सांगणं हे त्याचं काम. कंपनीचा नवा ड्रायव्हर तिनं आधीच आणून बसवला होता. त्याच्या शेजारी वेग ठरवणारी एक छोटीशी फाईल असते, ती तिनं उघडली आणि स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून काढली. दुपारी आईला ओढत आणून खुर्चीवर बसवलं. "धर टोक. आता बटण दाब."

काकूंनी भीत भीत बटण दाबलं. सुई खाली आली. थांबली. वर गेली. पुन्हा खाली आली. टुक... टुक... टुक... अगदी दबकत, जणू कुणाच्या घरी दार लोटून आत डोकावावं तशी. काकूंनी टोक सोडलं, हात मागं घेतला, आणि मग कुठं मशीननं धाव घेतली.

"बघ," भिंगरी म्हणाली, "आता ती आधी 'येऊ का' विचारणार, मग येणार. दर वेळी. प्रत्येक रंगाला. तू तुझं बोट खुशाल तिथं ठेव."

काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी जेवण थंड केलंस होय?" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथं जाऊन पदरानं डोळे पुसले, हे काकांनी पाहिलं होतं.

भिंगरीनं आईला आणखी एक गोष्ट शिकवली होती. एकदा काकूंनी कसलीशी सीडी घातली, कॉम्प्युटर विचारील त्याला भराभर होकार देत सुटल्या आणि प्रिंटर बंद पाडून बसल्या. तेव्हा लेकीनं चांगली हजेरी घेतली. "आई, तो विचारतो तेव्हा आधी वाच! जुन्या सीडीत जुन्या फायली असतात. त्या येऊन आपल्या नव्या फायलींच्या बोडक्यावर बसतात. तो तुला विचारतो, 'तुमच्याकडे याहून नवीन आहे, तेच ठेवू का?' तेव्हा काय म्हणायचं?"

"हो म्हणायचं."

"शाब्बास. नवीन असेल ते ठेवायचं. कधीही, काहीही झालं तरी."

काकूंनी हे मनावर कोरून ठेवलं. त्या तशा एकदा ऐकलेलं विसरणाऱ्या नव्हत्याच.

आणि मग एके दिवशी भिंगरी ऑफिसातून घरी यायला निघाली आणि जिन्यातच कोसळली. डोक्यात रक्तस्राव, म्हणाले डॉक्टर. काका-काकू पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी "एफ वन" म्हणून ओरडलेली पोर. चप्पल पायात तशीच होती, एवढंच काकूंनी पाहिलं, आणि त्यांच्या मनात आलं, आज ही चप्पल कोपऱ्यात पडायची नाही.

त्यानंतरचं काय सांगायचं? लोक आले, बसले, गेले. ऑफिसची माणसं आली, तिचा लॅपटॉप ऑफिसचा होता तो घेऊन गेली. काकांनी चार्जरसुद्धा वेटोळं करून दिलं. भरतकामाच्या खोलीचं दार लावून घेतलं गेलं. काकू बाहेर ओट्यापाशी पाटावर बसून राहायच्या. कुणी काही विचारलं तर हो, कुणी काही विचारलं तर नाही. तडातडा बोलणारी ती बाई, तिच्या तोंडातले शब्दच कुणी काढून नेले होते.

मग शाळेचा शिपाई एक दिवस दारात उभा राहिला. शर्ट आलेत, खिशावर चिन्हं हवीत, दुसरं कोणी करून देत नाही. काका त्याला परत पाठवत होते. काकू आतून म्हणाल्या, "ठेवून जा."

त्यांनी खोली उघडली. कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर ती ओळ आली आणि कॉम्प्युटर उभा राहिला. आतून कुणी ओरडलं नाही. काकूंनी मुकाट्यानं बटण दाबलं. कापड बसवलं, धागा ओवला, टोक चिमटीत धरलं आणि मशीन सुरू केलं.

टुक... टुक... टुक...

सुई त्यांच्या बोटापाशी दबकत आली होती. येऊ का, म्हणून विचारत होती.

"ये," काकू म्हणाल्या. "ये गं."

काका दाराबाहेर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते तसेच मागं फिरले. त्या दिवसापासून हे चालू झालं. प्रत्येक रंगाला, प्रत्येक खिशाला, काकूंचं हळूच "ये गं." गिऱ्हाइकांना वाटायचं बाई मनाशी टाके मोजते. काकू पुन्हा बोलायला लागल्या, थोडं चिडायलाही लागल्या. स्क्रूवाला एकदा सहज म्हणाला, "काकू, ती बॅटरी बदलून देऊ का?" तर त्याच्या अंगावर खेकसल्या, "त्या खोलीतली तारीख कुणी बदलायची नाही! तिथं माझी पोर शाळेत आहे." काकासुद्धा कधी नव्हे ते म्हणाले, "बरोबर आहे. राहू दे." आयुष्यभर मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवलेला माणूस, पण त्या चुकीच्या तारखेला त्यानं हात लावू दिला नाही.

त्यांचं दुःख काही कमी झालं होतं असं नाही. फक्त दिवसातून काही वेळा ती सुई हळू यायची आणि काकूंना वाटायचं, आहे. कुठं तरी आहे.

एवढ्यावरच राहतं तर बरं होतं. पण माणसाला तेवढं पुरत नाही. काकूंच्या डोक्यात आलं, लेकीचा चेहरा भरायचा. कापडावर, धाग्यानं, स्वतः. मशीनच्या मूळ खोक्यात एक जास्तीचं सॉफ्टवेअर मिळालं होतं, फोटोचे टाके करून देणारं. त्याची सीडी अजून प्लास्टिकच्या पाकिटात होती. भिंगरीनं तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "त्यातनं माणसं भुतासारखी येतात, आई," म्हणाली होती.

"येऊ दे भुतासारखी," काकू आता म्हणाल्या. "येऊ दे तर खरी."

सकाळी दोघं म्हातारा-म्हातारी कॉम्प्युटरपुढे खुर्च्या जोडून बसली. काकूंच्या हातात माऊस. काकांनी वाचायचं, असं ठरलं. कारण डेपोत सूचना वाचायचा त्यांना सराव. सीडी फिरायला लागली. पडद्यावर पहिला प्रश्न आला.

"थांब!" काका गरजले. "घाई करायची नाही. 'ही फाईल तुमच्याकडे याहून नवीन आहे.' ऐकतेस ना?"

"कानाशी ओरडताय, ऐकू येणार नाही तर काय."

"'नवीन फाईल तशीच ठेवायची का?' हो किंवा नाही."

"हो," काकू म्हणाल्या आणि जपून, चुकून दुसरीकडे पडू नये म्हणून श्वास रोखून, 'हो'वर दाबलं. पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या फायलीचा. पुन्हा काकांनी अथपासून इतिपर्यंत वाचला. पुन्हा 'हो'. एकेका प्रश्नाला दोघं अशी पुढं झुकायची, जसं काही परीक्षेचा पेपरच आलाय. मध्ये शेजारीण डोकावली तर काकांनी हातानंच तिला थांबवलं. शेवटी पडद्यावर आलं: काम पूर्ण झालं, तुमच्या सर्व नवीन फायली सुरक्षित आहेत.

"सर्व नवीन फायली सुरक्षित आहेत," काकांनी दोनदा वाचलं. "बघ. एक चूक नाही."

"शिकवलेलं विसरत नाही मी," काकू म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जराशी टवटवी आली होती. "कार्टी असती तर म्हणाली असती, आई, पास झालीस."

फोटो त्यांनी आधीच निवडून ठेवला होता. वाऱ्यानं केस तोंडावर आलेत आणि भिंगरी ते बाजूला करत हसतेय, असा. कॉम्प्युटरनं त्याचे टाके करून दाखवले. पहिला रंग काळा, केसांचा. काकूंनी पांढरं कापड फ्रेममध्ये ताणून बसवलं, टिचकी मारून ताण पाहिला. काळं रीळ लावलं. नाक सुईपाशी नेलं, टोक चिमटीत धरलं.

"ये गं," काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं.

सुई विचारायला थांबली नाही. ती सुसाट आली.

काकू ओरडल्या नाहीत. काका तोवर चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले होते; त्यांना फक्त मशीनचा वेडावाकडा कचकच आवाज आला आणि मग सुई मोडल्याचा. ते धावत गेले तेव्हा काकू बोट दुसऱ्या मुठीत दाबून बसल्या होत्या आणि पांढऱ्या कापडावर काळ्या केसांची एक बट उमटली होती आणि शेजारी लाल डाग पसरत होता.

"अशी कशी आली?" काकू म्हणत होत्या. "अहो, ती अशी कशी आली? ती अशी येत नाही."

डॉक्टरनं नखाच्या खालून सुईचा तुकडा काढला, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. म्हणाला, नशीब हाड वाचलं. काकूंचं लक्षच नव्हतं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्यांनी काकांना पुन्हा पुन्हा तेच विचारलं. आल्या आल्या काकांनी स्क्रूवाल्याला बोलावून घेतलं.

स्क्रूवाला म्हणजे त्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. काम करताना सगळे स्क्रू ओठात धरून ठेवायचा आणि तसाच बोलायचा, म्हणून हे नाव. चांगला माणूस. भिंगरीशी त्याचं जमायचं. दोघं तासन् तास वायरींवर वाद घालायची. तो बसला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. बराच वेळ त्याचा माऊस नुसता वर-खाली फिरत राहिला. मग त्यानं तोंडातला स्क्रू काढून टेबलावर ठेवला. तो स्क्रू काढून बोलायला लागला म्हणजे काहीतरी वाईट असणार हे गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"काकू, तुम्ही सगळं बरोबर केलंत."

"मग?"

"कंपनीच्या फायलींवर नंबर असतो. कितवी आवृत्ती, त्याचा. तो पाहून सीडीनं तुम्हाला विचारलं, तुम्ही 'ठेवा' म्हणालात, आणि त्या राहिल्या. नवा ड्रायव्हर आहे तसा आहे. पण तिची जी फाईल होती ना, वेगाची, ती तिनं हातानं लिहिलेली. तिच्यावर नंबर नव्हता. नुसती तारीख होती." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "आणि या कॉम्प्युटरची तारीख तुम्हाला माहीतच आहे."

काकांच्या आधी लक्षात आलं.

"म्हणजे?" काकूंनी विचारलं. "म्हणजे काय? नीट सांग."

"त्या दिवशी कॉम्प्युटर जी तारीख दाखवत होता, तीच त्या फायलीवर पडली. सीडीपेक्षाही जुनी. सीडीला वाटलं, ही तर पुराणकाळातली फाईल, हिच्याबद्दल काय विचारायचं? न विचारता पुसून टाकली तिनं, आणि स्वतःची ठेवली."

"पण ती नवीन होती," काकू म्हणाल्या.

"हो काकू."

"सगळ्यात नवीन तीच होती. तिच्यानंतर कुणी काही केलंच नाहीये."

स्क्रूवाला पुन्हा फायली चाळायला लागला. "दुसरी प्रत असेल कुठं तर..." काकांना लॅपटॉप आठवला, आणि त्याच्या चार्जरचं आपण केलेलं वेटोळं आठवलं. काकांनी तिथल्या तिथं ऑफिसात फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. तो लॅपटॉप पुसून केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला होता.

"मी अख्खं मशीनच हळू करून देतो," स्क्रूवाला म्हणाला. "मग बोटाला भीती नाही."

"अख्खं हळू नको रे," काकू म्हणाल्या. "ती फक्त येताना हळू यायची. तसं येतं का तुला करता?"

त्यानं प्रयत्न करून पाहिला, नाही असं नाही. दुपार गेली त्यात. एकदा सुई उठलीच नाही, एकदा मधल्या टाक्यात अडकून बसली. शेवटी त्यानं हात टेकले. "तिनं मला एकदा सांगितलं होतं कसं केलंय ते. मी हसलो होतो, काकू. म्हटलं, एवढ्याशा बोटासाठी एवढा खटाटोप!"

तेव्हा काकू एकदम भडकल्या. इतके दिवस कुठं तरी दाबून धरलेलं सगळं त्या नाण्याएवढ्या बॅटरीवर येऊन पडलं. "बदल ती बॅटरी! आत्ताच्या आत्ता बदल! त्या मेल्या तारखेनं खाल्लं माझ्या पोरीला! मीच बसले होते कवटाळून. बदल म्हणते ना!"

"राहू दे गं," काका म्हणाले.

काकूंनी वळून पाहिलं. आयुष्यभर त्या बॅटरीच्या नावानं खडे फोडणारा माणूस खुर्चीच्या कडेवर बसून हात जोडत होता. "राहू दे. तेवढंच राहिलंय आता. निदान सकाळी एफ वन विचारतं तरी."

"काय विचारतं? खोटं विचारतं! शाळेत नाहीये ती! कुठंच नाहीये!"

घरात पहिल्यांदा कुणीतरी हे मोठ्यानं बोललं होतं. काकांनी जोडलेले हात सोडले. स्क्रूवाल्यानं दोघांकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि स्क्रू तोंडात धरले. दोन मिनिटांचं काम. तारीख घातली, वेळ घातली, काकांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून. काकांनी हात पुढं केला, पण मान दुसरीकडे वळवली. जाताना स्क्रूवाल्यानं पैशाचा विषय काढू दिला नाही. ते कापड फ्रेममध्ये तसंच राहिलं, एक केसांची बट आणि वाळलेला डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचे एप्रन द्यायचे होते. काम काही थांबत नाही. काकूंनी खोली उघडली, खिडकी उघडली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घुर्र करून फिरायला लागला. काकूंचं पट्टी बांधलेलं बोट सवयीनं एफ वनवर जाऊन टेकलं आणि त्या त्या ओळीची वाट बघत बसल्या.

ओळ आलीच नाही. पडदा उजळला आणि कंपनीचं चिन्ह गोल गोल फिरायला लागलं. कॉम्प्युटर कुणासाठी न थांबता पुढं निघाला होता. काकूंचं बोट होतं तिथंच राहिलं. रात्रभर त्यांना वाटत होतं की आपला राग रास्त होता. आता तो कुठं गेला ते त्यांना कळेना. उरलं होतं ते एवढंच, की काल आपल्या हातानं आपण हेही पुसून टाकलं.

स्वयंपाकघरात काका चहाचं आधण बघत होते. पंख्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकांनी घसा खाकरला, आणि गाड्यांच्या वेळा पुकारणारा त्यांचा तो मोठा आवाज, मधेच चिरकत, आतून आला.

"एफ वन!"

काकूंनी डोळे मिटले. बोट दुखत होतं, तरी त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर काहीही झालं नाही.

"दाबलं हो," काकू म्हणाल्या. "दाबलं."